लाइनमनने लावलेली रांग

ज्यांची ही हकीकत आहे त्यांना सगळे लाइनमन म्हणत, जरी त्यांच्या कामात लाइन अशी काही उरली नव्हती. उमेदीची वर्षे त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर काढली. पुढे तारा उतरल्या, खांब दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेले, आणि लाइनमन नोकरीतून मोकळे होऊन दुकाने, दवाखाने व लहान कारखाने यांना वायफाय बसवून देऊ लागले. नाव जुनेच राहिले. "तार नाही, खांब नाही, आणि म्हणे लाइनमन," असे त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. त्यावर ते म्हणत, "अगं, लोकांचं बोलणं पोचवायचं, काम तेच. फक्त आता पडायला उंची नाही."

जुन्या कामातली एक सवय मात्र त्यांनी जपली होती. तारेवरचा बिघाड ऐकून ओळखावा लागे. ओल शिरली की खरखर येई, सांधा सैल झाला की टकटक, दोन लाइनी एकमेकींना चिकटल्या की तिसऱ्याचेच संसार ऐकू येत. त्यांच्या मुकादमाने त्यांना सांगून ठेवले होते की ऐकताना डोळे मिटावेत. डोळे उघडे असले की कान आळशी होतात. त्यामुळे आजही नवे यंत्र बसवून झाले की लाइनमन कुणाला तरी कॉल लावत, डोळे मिटत, मान किंचित तिरकी करत आणि ऐकत राहत. आवाज स्वच्छ आला तर काम झाले. ही परीक्षा इतक्या वर्षांत कधी खोटी ठरली नव्हती, आणि जी परीक्षा खोटी ठरत नाही ती कशाची परीक्षा आहे हे विचारायचे माणूस हळूहळू विसरतो.

गोदामे आणि गॅरेजे असलेल्या एका रस्त्यावर चष्म्याच्या काचा घासून देणारा कारखाना होता. चष्मेवाल्यांकडून गिऱ्हाइकांचे नंबर यायचे, त्या नंबरांच्या काचा इथे तयार व्हायच्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत त्या फ्रेममध्ये बसवल्या जायच्या. घासणीच्या हॉलमध्ये यंत्रांचा असा कल्लोळ असे की कानाशी तोंड नेऊनही शब्द कळत नसे. मालकांच्या वडिलांनी फार पूर्वी, बहुधा सोय म्हणून, या हॉलमध्ये ऐकू न येणारी माणसे कामाला घेतली. हेतू सोयीचा होता. परिणाम मात्र हेतूपेक्षा न्याय्य निघाला. हॉलमधली माणसे या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी निवांत बोलत, आणि बाहेरून आलेला ऐकणारा माणूस घसा फोडून दमला की शेवटी बोटाने दाखवू लागे. व्यंग माणसात किती असते आणि खोलीत किती, याचा अंदाज तिथे घटकाभर उभे राहिल्यावर येई.

या हॉलच्या प्रमुख होत्या ताई. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि स्वभावाने कडक. काच दोन बोटांत धरून खिडकीकडे फिरवली की तिच्यातला दोष त्यांना यंत्राच्या आधी दिसे. त्यांच्या भावाची मुलगी कारखान्याच्या पुढच्या खोलीत चष्मेवाल्यांचे फोन घेत असे. ती ताईंना आत्या म्हणे, हातांच्या भाषेतच वाढली होती, आणि मालकांचे व ताईंचे बोलणे तिच्यामार्फत होई. रोज सकाळी फोनवर चष्मेवाल्यांची झुंबड सुरू होई त्याच वेळी ताई हॉलशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये टॅबलेटसमोर बसत. पलीकडच्या शाखेतले मिस्त्री, तेही ऐकू न येणारे, तिकडे तसेच बसत. कोणती काच परत आली, तिचा कोन कुठे चुकला, जाड काचेची कड कशी उतरवायची, हे दोघे हातांनी बोलून ठरवत. त्या बोलण्यावर हॉलचा दिवस चाले.

कारखान्यातले फोन वायरलेस झाले तेव्हा लाइनमनना बोलावणे आले. मालकांनी मागणी एका वाक्यात सांगितली. "फोन तुटता कामा नये. बाकी काहीही थांबलं तरी चालेल."

वायफायची हवा एकच असते. एका वेळी तिच्यात एकालाच बोलता येते, बाकीच्यांनी थांबायचे. कोणी किती थांबायचे हे भिंतीवरच्या डब्यात, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये, ठरवता येते. त्यासाठी चार वर्ग असतात: आवाज, चित्र, नेहमीचे काम, आणि मागे पडले तरी चालेल असे काम. हवा मोकळी झाली की वरच्या वर्गाला क्षणभरच थांबावे लागते, खालच्याला जास्त; तोवर वरच्याने पुन्हा तोंड उघडले तर खालचा पुन्हा थांबतो. यंत्र कारखान्यातून येते तेव्हा चित्राला आवाजाच्या खालोखाल जागा असते. लाइनमननी ती काढून घेतली. दुपारच्या सुट्टीत लोक मोबाइलवर सामने बघतात हे मालकांनी सांगितले होते, आणि रखवालीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण दिवसभर बाहेर जात असे. म्हणून त्यांनी सगळे चित्र शेवटच्या वर्गात ढकलले. आवाज गेला तर बोलणे गेले; चित्र गेले तर काय, चेहरा दिसला नाही इतकेच. हा विचार दोघांपैकी कुणी मोठ्याने केला नाही. जे सगळ्यांना मान्य असते ते सहसा मोठ्याने कुणी बोलत नाही.

फोन तुटायचे थांबले. मालक खूश झाले, चष्मेवाले खूश झाले. पुढच्या खोलीतली पोरगी तर म्हणाली, "काका, आता मला शिव्यासुद्धा स्पष्ट ऐकू येतात."

मग काही आठवड्यांनी मालकांनी लाइनमनना पुन्हा बोलावले आणि आपल्या केबिनचे दार लावून घेतले.

"एक बघून द्या. ताई म्हणतात टॅबलेट अडकतो. परत येणाऱ्या काचा वाढल्यात, कोन चुकतायत, उजवी-डावी होतेय. पलीकडचे मिस्त्रीही कळवतात की ताई मधेच गप्प होतात. मला वाटतं, वय झालं त्यांचं. हॉल आपल्या माल सांभाळणाऱ्या स्टोअरवाल्याकडे द्यावा आणि ताईंना एका यंत्रावर बसवावं, असं माझ्या मनात आहे. पण वडिलांच्या वेळचं माणूस आहे. उगाच अन्याय नको. यंत्रात दोष नाही ना, तेवढं सांगा."

म्हणजे काय पणाला लागले आहे हे लाइनमनना पूर्ण ठाऊक होते. त्यांनी कामात कुचराईही केली नाही. मुद्दाम सकाळच्या झुंबडीतच ते ताईंच्या केबिनमध्ये गेले, ताईंच्या हातातून टॅबलेट घेतला, घरी बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि डोळे मिटले.

"अहो, हे काय तोंड केलंय?" बायको म्हणाली. "आ वासलेला तसाच राहिलाय."

"आवाज येतोय का?"

"आवाज येतोय. अवतार तेवढा अडकलाय."

"तुटत नाही ना मधे? काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू? येताना साबण आणा. कालही सांगितलं होतं, परवाही. तेव्हा लाइन खराब होती का?"

लाइनमन डोळे मिटूनच हसले. शब्द न् शब्द ऐकू आला होता. खरखर नाही, तुटणे नाही. त्यांनी टॅबलेट ताईंसमोर ठेवला, अंगठा वर करून दाखवला आणि मालकांकडे जाऊन सांगितले, "लाइन स्वच्छ आहे, साहेब. मी स्वतः तपासली."

ताईंनी तक्रार वाढवली नाही. यंत्र जाणणाऱ्या माणसाने दोष नाही म्हटल्यावर दोष कुठे शोधायचा, हे त्यांना आयुष्याने शिकवलेले होते. त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. नंबरात किंचित फरक निघाला. त्यांनी आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच हाताने स्वतःच्या नव्या काचा घासल्या, आणि त्या डोळ्यांवर चढवून दुसऱ्या सकाळी टॅबलेटसमोर बसल्या. चित्र पूर्वीसारखेच अडकले. तेव्हा त्यांनी हेही मान्य केले असावे की दोष डोळ्यांच्याही मागे कुठेतरी आहे.

त्या आठवड्याच्या अखेरीस लाइनमन स्टोअरमध्ये दुसरा डबा बसवायला आले. शिडी मागायला पुढच्या खोलीत गेले तर पोरगीने मान वर केली नाही.

"काय गं, आज काका नाही, काही नाही?"

"शिडी दाराच्या मागे आहे."

"कुणी काही बोललं का तुला?"

तिने फोन बाजूला ठेवला. "मला कोण बोलणार? आत्याच्या हातून हॉल चाललाय. सोमवारी स्टोअरवाले बसणार तिथे. साहेब म्हणाले, लाइनमनने स्वतः तपासलंय, आता काय बोलायचं."

"मी तपासलं ते खरंच आहे. आवाज अगदी…"

"आवाज?" पोरगी म्हणाली. "काका, आत्याला आवाजाचं काय करायचंय?"

लाइनमन शिडी धरून उभे राहिले. त्यांच्या बाजूने एवढे सांगता येईल की त्यांनी सबब शोधली नाही. फोनवरचे काम सोडून ही मुलगी सकाळी कधी ताईंच्या केबिनमध्ये बसलेली नव्हती, मालक बसले नव्हते, स्टोअरवाला बसला नव्हता. त्या टॅबलेटवर काय दिसते हे ताईंखेरीज कुणीही पाहिलेले नव्हते, आणि ज्याने पाहायचे त्याने ते ऐकून ठरवले होते.

शिडी न घेता ते हॉलच्या काचेपाशी गेले. आत ताई एका कामगाराशी बोलत होत्या. तो लांब, शेवटच्या यंत्रावर होता. ताईंचे हात भराभर चालत होते. त्याने उलट काही विचारले, ताईंनी तोडून उत्तर दिले, तो हसला, ताई हसल्या नाहीत. कुठेही थांबणे नव्हते. जी बाई मधेच गप्प होते असे म्हटले जात होते ती बाई हीच.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला विचारले, "त्या दिवशी माझं तोंड खरंच अडकलं होतं?"

"मग काय चेष्टा करत होते? चांगला मिनिटभर जबडा उघडा. मी म्हटलंसुद्धा."

"म्हणालीस खरं."

"तुमच्या डब्यात माझं बोलणं कुठल्या रांगेत ठेवलंय, ते एकदा बघून घ्या. सगळ्यात शेवटच्याच असणार." मग त्यांचा चेहरा पाहून तिने विचारले, "कुणाचं नुकसान झालं का?"

"होतंय. सोमवारपर्यंत वेळ आहे."

दुसऱ्या सकाळी ते ताईंच्या मागे स्टुलावर बसले. पोरगीही चालू असलेला फोन कानाशी धरूनच केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर मिस्त्री आले. त्यांनी हात उचलला, बोटे वळवायला सुरुवात केली, आणि चित्राचे चौकोनी तुकडे झाले. हात हवेत थिजला. पुन्हा हलला तेव्हा तो छातीशी होता. मधली सगळी वाट नाहीशी झाली होती.

"काय म्हणाले ते?" लाइनमननी विचारले.

"उजव्या काचेचा कोन… नाही कळलं. इतका वर की इतका खाली, तेच गेलं."

आवाजातला एखादा तुकडा गळला तर कान तो भरून काढतो. अर्धा शब्द ऐकला की पुरा कळतो. पण हातांच्या भाषेत मनगट कुठल्या बाजूला वळले यावरच उजवे की डावे, जास्त की कमी हे ठरते, आणि गळत होते ते नेमके वळणे. ताई अंदाजाने पूर्ण करत होत्या. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येत असला पाहिजे, नाहीतर कारखाना केव्हाच बंद पडला असता.

पोरगीने कानाचा फोन बंद केला. पुढच्या खोलीत दुसरा वाजत राहिला तेव्हा चित्र नीट चालू होते. मग पोरगीने धावत जाऊन तो उचलला, आणि पडदा पुन्हा थिजला. तिने फोन ठेवला, चित्र सुटले. पुन्हा वाजला, पुन्हा उचलला, पुन्हा थिजले. एकट्या फोनला एवढी हवा लागत नाही. पण वरच्या रांगेतला तो सुरू झाला की शेवटच्या रांगेतल्या उरल्यासुरल्या जागेसाठी ताईंचे हात आणि कॅमेऱ्यांचे चित्रण यांची ढकलाढकल होई, आणि कॅमेरे दमत नसत. लाइनमन हे बघत होते, आणि दाराशी परत आलेल्या पोरगीने त्यांना बघताना बघितले.

"म्हणजे मी फोन उचलला की आत्या गप्प होते?"

"तू नाही, बाळ. मी लावलेली रांग आहे ती."

ताईंनी वळून दोघांकडे पाहिले. काय चालले आहे ते हातांनी विचारले. पोरगीने सांगितले. सांगायला वेळ लागला, कारण मधे तिला स्वतःला सावरावे लागले. ताईंचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी लाइनमनकडे बोट करून काहीतरी म्हटले आणि पोरगीला रडता रडता हसू आले.

"आत्या म्हणतेय, त्या दिवशी तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा तिला वाटलं, देवाची आठवण काढताय. म्हणून मधे बोलली नाही. आणि विचारतेय, गाडी चालवताना असं करत नाही ना?"

"सांग त्यांना, सायकल आहे," लाइनमन म्हणाले. "आणि सांग, चूक माझी आहे. मी साहेबांना सांगतो."

आधी दिलेला शब्द मागे घेणे कारागिराला अवघड असते, कारण त्याच्या हातात तेवढेच असते. लाइनमन मालकांसमोर उभे राहिले आणि प्रस्तावना न करता म्हणाले, "साहेब, लाइन स्वच्छ आहे हे मी चुकीचं सांगितलं. आवाजाची स्वच्छ आहे. ताईंची नाही. माझ्या सेटिंगमुळे अडकतेय."

मालकांनी पेन खाली ठेवले. "मग हे आधी का नाही कळलं?"

"मी ऐकून तपासलं. बघून तपासायला हवं होतं."

"पण ताई लिहून का देत नाहीत? मिस्त्रींनीही लिहावं. टाइप करा, पाठवा. आपण नाही का करत?"

"तुम्ही पलीकडच्या मॅनेजरशी भांडता ते लिहून भांडता का?"

मालकांनी खाली ठेवलेले पेन पुन्हा उचलले. मग म्हणाले, "बरं, द्या त्यांना जागा. असं करा, सगळ्यांनाच वर घाला. चित्र, कॅमेरे, फोन, सगळं पहिल्या वर्गात. कुणाची तक्रार नको."

"सगळ्यांना पहिलं केलं की पुन्हा जुनीच गर्दी होईल, साहेब. फोनही तुटतील आणि ताईही. कुणीतरी मागे राहायला लागतं. मागे कोण राहिलेलं चालेल, तेवढं तुम्ही सांगायचं. सामने आहेत. कॅमेरे आहेत, त्यांचं चित्रण सकाळी ठेवून दुपारी पाठवलं तर चोराला काही फरक पडत नाही."

"आणि फोन? एका माणसासाठी फोन धोक्यात घालायचे?"

"ताईंसाठी हाच फोन आहे."

मालक खुर्चीवरून उठले. वाईट माणूस नव्हता तो. ज्याला कधी थांबावे लागलेले नाही अशा माणसाला रांग ही हवामानासारखी वाटते. ती कुणीतरी लावलेली असते हे त्याला कुणी दाखवून द्यावे लागते. "सोमवारच्या आत होईल?" त्यांनी अखेर विचारले. "स्टोअरवाल्याला मी शब्द देऊन बसलोय."

"आजच करतो."

लाइनमननी लॅपटॉप उघडला. सगळ्या चित्राला वर आणायचे नव्हते; ताईंचा टॅबलेट आणि मिस्त्रींशी बोलायचे ते एक अ‍ॅप, एवढ्यालाच आवाजाचा वर्ग द्यायचा होता. तसा नियम त्यांनी लिहिला. त्या बोलण्याला किती जागा मिळावी याची मर्यादाही घातली, म्हणजे फोनवर संकट यायला नको. कॅमेऱ्यांचे चित्रण दुपारवर ढकलले. डब्याने नवे सेटिंग स्वीकारले. त्यांनी ताईंना मिस्त्रींना कॉल लावायला सांगितले, पोरगीला मुद्दाम फोनवर बोलत ठेवले, आणि डोळे ताणून पडद्याकडे पाहत राहिले. मिस्त्रींचे हात सलग चालले. एकदाही थिजले नाहीत. ताईंनी टेबलावर तळवा हलकेच आपटला. हॉलमधले लोक पसंती अशी दाखवत.

पण मिस्त्री पडद्यावरून मान हलवत होते. पोरगी फोन संपवून आली आणि म्हणाली, "काका, ते म्हणतायत आत्या अजून अडकतेय. तिला दिसतंय, पण त्यांना आत्या दिसत नाहीये."

हे लाइनमनना अनपेक्षित होते. ते पुन्हा सेटिंगच्या पानावर गेले. वर्गांचा तक्ता एक नव्हे, दोन होते. पहिला डब्याकडून टॅबलेटकडे जाणाऱ्या बोलण्याचा. दुसरा टॅबलेटकडून डब्याकडे येणाऱ्याचा. त्यांनी पहिलाच सुधारला होता. दुसऱ्यात चित्राला ज्या शेवटच्या जागी त्यांनी मागे ढकलले होते तिथेच ते अजून होते, आणि टॅबलेटही आपले बोलणे आवाजाच्या वर्गातले म्हणून सांगत नव्हता. म्हणजे व्यवस्था ताईंपर्यंत पोचू लागली होती, ताई मात्र व्यवस्थेपर्यंत पोचत नव्हत्या. आपल्याकडच्या बऱ्याच सुधारणा इथेच थांबतात, आणि थांबल्या हे सुधारणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या बाजूने सगळे स्पष्ट दिसत असते.

लाइनमनना ते कळले, कारण पलीकडे एक माणूस मान हलवत बसला होता. त्यांनी दुसरा तक्ता बदलला. टॅबलेटमध्ये त्या अ‍ॅपच्या बोलण्याला आवाजाची खूण लावली. मग ताईंकडे पाहून, भाषा येत नसताना, हाताने 'बोला' असे सुचवले. ती खूण बहुधा चुकीची होती, कारण ताईंनी ती दुरुस्त करून दाखवली आणि मग मिस्त्रींकडे वळल्या. या वेळी पलीकडच्या केबिनमध्ये टेबलावर तळवा पडला. त्याचा आवाज टॅबलेटमधून लाइनमनना ऐकू आला. त्या खोलीत तो ऐकणारे ते आणि पोरगी असे दोघेच होते.

सोमवारी सकाळी मालक स्टोअरवाल्याला घेऊन केबिनपाशी आले. त्यांनी अजून काही ठरवले नव्हते. टॅबलेट चालतो हे ठीक, पण चुका खरोखर त्याच्याच होत्या का, हे त्यांना स्वतः बघायचे होते. लाइनमन कोपऱ्यात होते. कॉल चालू होता आणि परत आलेल्या काचांची पाकिटे ताईंसमोर पसरलेली होती. मिस्त्री एकेका काचेची चिठ्ठी पडद्यासमोर धरत आणि तिच्याविषयी सांगत. ताई त्या काचेचे पाकीट उचलून डावीकडे किंवा उजवीकडे सरकवत.

"हे काय चाललंय?" मालकांनी हळूच विचारले.

"डावीकडची, अर्धवट दिसतंय हे कळलंच नाही म्हणून चुकलेली," पोरगी म्हणाली. "उजवीकडची आत्याची स्वतःची चूक."

"स्वतःची म्हणजे?"

पोरगीने ताईंना खांद्याला हात लावून विचारले. ताईंनी तिच्याकडे न बघता, पाकीट लावता लावता एका हाताने उत्तर दिले.

"म्हणतेय, नीट दिसलं नाही हे कळलं होतं, तेव्हा पुन्हा विचारायला हवं होतं. पुन्हा पुन्हा विचारलं तर म्हातारी झाली म्हणतील, म्हणून अंदाजाने घासल्या. ती चूक टॅबलेटची नाही."

उजवीकडे पाकिटे थोडी होती, पण होती. त्यांतले एकही ताईंनी डावीकडे ढकलले नाही, जरी ढकलले असते तरी ते कुणाला कळणे शक्य नव्हते. मालक ते पाहत उभे राहिले. स्टोअरवाल्याने थोडा वेळ पाहिले, मग म्हणाला, "साहेब, मला तर यातलं एकही पाकीट कुठे ठेवायचं ते कळलं नसतं. मी आपला स्टोअरला जातो. तिकडं माल उतरायचाय." आणि तो गेलाही.

मालकांनी घसा खाकरला. "सांग ताईंना, हॉल…"

"साहेब, जरा थांबा," पोरगी म्हणाली. "मिस्त्रींचं संपू दे. मधे बोललं की आत्याला दोन्हीकडे बघता येत नाही."

मालक थांबले. पडद्यावर आता वाद पेटला होता. मिस्त्री ताईंसमोरच्या एका जाड काचेच्या कडेकडे बोट करून काहीतरी ठासून सांगत होते, आणि ताई त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत हात पुढे घालून त्यांना अडवत होत्या. पुढच्या खोलीत फोन वाजला. पोरगी तो घ्यायला गेली. तिचा आवाज दारातून येऊ लागला, आणि पडद्यावरचे हात चालतच राहिले.

लाइनमननी स्टूल मालकांकडे सरकवले. "बसा साहेब. वेळ लागेल."

"कशावरून भांडतायत?"

"मला काय कळणार?"

मालक स्टुलावर बसले आणि दोघे आळीपाळीने ताईंच्या व मिस्त्रींच्या हातांकडे बघू लागले. बऱ्याच वेळाने ताईंनी ती काच उचलून खिडकीकडे धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि अनिच्छेने उजवीकडच्या पाकिटांत ठेवली. मिस्त्री हसले. मग ताईंनी टॅबलेट तसाच चालू ठेवून मालकांकडे मान वळवली, आणि आता बोला, असा हात केला.